१२३४५६७८९८७६५४३२१ : या संख्येच्या पोटात काय काय आहे?

एकंदहं

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एकांचा वर्ग केला की अंक एकापासून नवापर्यंत चढतात आणि तसेच खाली उतरतात. बहुतेक ठिकाणी ही संख्या गंमत म्हणून एका ओळीत येते आणि तिथेच विषय संपतो. मला हा तिच्यावर अन्याय वाटतो. तिची जवळजवळ सगळी वैशिष्ट्यं एकाच मुळातून फुटतात: ९९९९९९९९९ या संख्येशी असलेलं तिचं नातं. ते उलगडण्यासाठी हा धागा.

आधी वाचन. आजच्या पद्धतीने १,२३,४५,६७,८९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांच्या काळची स्थाननामं घेतली (एकं, दहं, शतं, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध) तर सर्वांत डावीकडचा १ 'मध्य' या सतराव्या स्थानावर बसतो. अर्बुदस्थानी ९ आहे. तोच शिखराचा अंक, त्याच्या दोन्ही बाजूंना आठ आठ घरं.

वर्ग असा का येतो हे उभ्या मांडणीत लगेच दिसतं. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. एककाच्या स्तंभात एकच १ पडतो, दशकाच्या स्तंभात दोन, असं वाढत नवव्या स्तंभात नऊ, मग पुन्हा कमी कमी. कुठल्याही स्तंभाची बेरीज दहापर्यंत पोचत नाही, म्हणजे हातचा येत नाही. हातचा नाही म्हणून ही रांग शाबूत राहते.

आता नात्याकडे. संख्या डावीकडून आठ अंकांनंतर तोडा:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

उजवे नऊ अंक आणि उरलेले डावे अंक यांची बेरीज ९९९९९९९९९ ने भागली जात असेल तर मूळ संख्याही ९९९९९९९९९ ने भागली जाते. नऊने भागायची कसोटी आपण अंकांच्या बेरजेवरून लावतो, तीच ही, फक्त एकेका अंकाऐवजी नऊ अंकांचा गट. भागाकार येतो १२३४५६७९. पडताळा हातानेही होतो: १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लिहा, त्यातून १२३४५६७९ वजा करा, आपली संख्या समोर येते.

१२३४५६७९ मध्ये ८ नाही. टंकलेखनाची चूक समजू नका, त्या गळलेल्या ८ चं कारण पुढे प्रतिसादांत येईलच.

मूळ अवयव:
१११११११११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२. घातांक ४, २, २, म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. सर्व विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. संख्येच्या दुपटीपेक्षा ही कमी आहे, म्हणजे ही 'न्यून' संख्या.

संख्यारेषा

छान विषय. दहा किंवा बारा अंकी कॅल्क्युलेटरवर हा वर्ग मावत नाही, त्यामुळे पडताळा घेताना लोक अडतात. तीन तीन अंकांचे गट करून सहज होतो. धाग्यात अवयव आलेच आहेत:

१११^२ = १२३२१
१००१००१^२ = १००२००३००२००१, म्हणजे गट १, २, ३, २, १

आता १२३२१ ला १, २, ३, २, १ ने गुणा: १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१. उजवीकडून सुरुवात करा, प्रत्येक गटात फक्त तीन अंक ठेवा, उरलेलं डावीकडे हातचा म्हणून न्या:

१२३२१ → ३२१ ठेवले, हातचे १२
२४६४२ + १२ = २४६५४ → ६५४, हातचे २४
३६९६३ + २४ = ३६९८७ → ९८७, हातचे ३६
२४६४२ + ३६ = २४६७८ → ६७८, हातचे २४
१२३२१ + २४ = १२३४५

१२३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१. पाच अंकांपलीकडे कुठलीही बेरीज जात नाही. चूक होते ती एकाच ठिकाणी: गटात ठेवलेला आकडा दोन अंकी असेल तर पुढे शून्य लावायचं राहून जातं. या उदाहरणात तसा गट नाही, पण दुसऱ्या संख्येवर हीच रीत वापराल तेव्हा ०५४ च्या जागी ५४ लिहू नका.

कोनमापक

३३३६६७ मूळ आहे हे मानून चाललो आहोत. वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागून बघणं हाच मार्ग आहे का?

एकंदहं

@कोनमापक, १०६ पैकी १७ पुरतात. कारण असं.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ ला, म्हणजे १०^९ − १ ला भागते. १० चे घात क्रमाने प ने भागत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते त्याला १० चा क्रम म्हणू. तो ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९.

क्रम १ असेल तर प ही ९ ला भागेल, म्हणजे प = ३. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद.
क्रम ३ असेल तर प ही ९९९ = २७ × ३७ ला भागेल, म्हणजे ३७. पण ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १. बाद.
उरला क्रम ९. फर्माच्या छोट्या सिद्धांताने क्रम हा प − १ ला भागतो. शिवाय प विषम. म्हणून प ला १८ ने भागल्यावर बाकी १ च यायला हवी.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. क्रमाने बाक्या: ८, १, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१. शून्य कुठेच नाही. म्हणून मूळ.

खडूफळा

वरच्या प्रतिसादातून एक फार सुंदर गोष्ट निघते, ती वेगळी मांडतो. आवर्ती दशांशाची लांबी म्हणजे १० चा क्रमच. १/३ = ०.३३३…, लांबी १. १/३७ = ०.०२७०२७…, लांबी ३. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७…, लांबी ९ (३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९ करून बघा). आणि लांबी १ असलेली मूळ संख्या फक्त ३, लांबी ३ असलेली फक्त ३७, लांबी ९ असलेली फक्त ३३३६६७. आपापल्या लांबीच्या या एकुलत्या एक मूळ संख्या आहेत. १२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव नेमके हे तीन, चौथा कुणी नाही.

पाटीपेन्सिल

मग दहा एकांचा वर्ग १२३४५६७८९१०९८७६५४३२१ येणार ना?

खडूफळा

@पाटीपेन्सिल, नाही. इथेच रांग मोडते. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. घरात ० राहतो, हातचा १. डावीकडच्या स्तंभात ९ होते, ते १० झाले: पुन्हा ०, हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, ते ९ झाले आणि हातचा थांबला.

११११११११११^२ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडे ७ नंतर एकदम ९. धाग्यात ज्या ८ बद्दल लिहिलंय तो असाच गळतो. १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… मध्येही हेच: ८ च्या घरात पुढून हातचा येतो, तो ९ होतो.

पाया दहापेक्षा मोठा घेतला तर रांग आणखी लांबते. सोळाच्या पायात पंधरा एकांपर्यंत ती शाबूत असते. आठच्या पायात मात्र सातपर्यंतच. आणि '१२३४५६७८९८७६५४३२१' ही अंकांची रांग दहा किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही पायात वाचली तरी पूर्ण वर्गच राहते, कारण ती मुळात (१ + क्ष + क्ष^२ + … + क्ष^८) चा वर्ग आहे. त्या कंसाचे अवयव (१ + क्ष + क्ष^२)(१ + क्ष^३ + क्ष^६). क्ष = १० ठेवा, १११ आणि १००१००१ मिळतात. हे अवयव शोधून काढावे लागलेले नाहीत, ते आकारातच आहेत.

दोनचा_घात

संगणकावर ही संख्या वापरणाऱ्यांसाठी. तीन वेगवेगळ्या ठिकाणी ती तीन वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडते.

एक. एक्सेल पंधरा सार्थ अंकच ठेवतं. सतरा अंक टाइप केले की शेवटचे दोन शून्य होतात: १२३४५६७८९८७६५४३००. सेलची रुंदी किंवा फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत, गेलेले असतात. आधी सेल 'टेक्स्ट' करून मगच टाइप करा. मग अंक राहतात, पण त्यावर गणित होत नाही.

दोन. जावास्क्रिप्टचा साधा नंबर. ६४ बिटांच्या दशांश प्रकारात पूर्णांक सलग अचूक राहतात ते २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. आपली संख्या त्यापुढे आहे आणि तिथे फक्त सम संख्या मावतात. म्हणून ३२१ च्या जागी ३२० येतं: १२३४५६७८९८७६५४३२०. आता ती सम आहे, आणि १११११११११ ने भागल्यावर शून्याऐवजी भाजकापेक्षा एकने कमी, म्हणजे ११११११११० ही बाकी येते. यावर उपाय बिगइंट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कितीही मोठ्या पूर्णांकांचा प्रकार.

तीन, आणि हे सर्वांत फसवं. ३२ बिटांच्या पूर्णांकात १११११११११ आरामात बसते, वर्ग बसत नाही. जावामध्ये दोन्ही 'इंट' ठेवून गुणलं तर उत्तर १६५३७३२५२९ येतं. म्हणजे खऱ्या उत्तराला २^३२ ने भागून उरलेली बाकी. ऋण चिन्ह येत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, आकडाही भरवशाचा वाटतो. गुणण्याआधी एक बाजू 'लाँग' करा. गुणून झाल्यावर उत्तर 'लाँग'मध्ये ठेवणं व्यर्थ आहे, नुकसान तोवर झालेलं असतं. ६४ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७, तिथे ही संख्या सहज मावते.

पायथॉनचे पूर्णांक कितीही मोठे चालतात, पण तिथेही एक खड्डा आहे. पूर्ण वर्ग आहे का हे बघायला साधं दशांश वर्गमूळ वापरू नका. शेवट ३२०, ३२१, ३२२ असलेल्या तिन्ही संख्यांना ते नेमकं १११११११११ देतं. पूर्णांक वर्गमूळ काढा, त्याचा वर्ग करा आणि मूळ संख्येशी ताडून बघा.

 

  

वहीचा_समास

या संख्येला नावही आहे आणि ते आपल्याकडचं आहे. गणिती द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते सगळ्यांना माहीत असतात. त्यांनी 'डेमलो संख्या' अभ्यासल्या: डावा भाग, मध्ये एकाच अंकाची रांग, उजवा भाग, आणि डावा अधिक उजवा मिळून तोच अंक किंवा त्याच अंकाची रांग. उदाहरणार्थ १६५: १ + ५ = ६. किंवा २५५३: २ + ३ = ५. मुंबईपासून ३० मैलांवर, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. १, १२१, १२३२१, … या एकांच्या वर्गांना 'अद्भुत डेमलो' म्हणतात. आपली संख्या व्याख्येत चपखल बसते: १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१, आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच: अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या. इथे अंकांची बेरीज ८१ आणि ३^४ = ८१, त्यामुळे ही हर्षद आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ = १२३४५६७९^२. वर्गमूळाची साखळी तर आणखी गोड आहे: १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, भागाकार १२३४५६७९. त्याच्या अंकांची बेरीज ३७, भागाकार ३३३६६७. ती मूळ, तिथे साखळी संपते.

एकंदहं

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला तो भाग. १ ला या संख्येने भागा.

१११११११११ = ९९९९९९९९९ ÷ ९, म्हणून १/१२३४५६७८९८७६५४३२१ = ८१/९९९९९९९९९^२.

आणि १/९९९९९९९९९^२ दशांशात लिहिलं की नऊ नऊ घरांच्या गटांत ०, १, २, ३, … अशी मोजणी सुरू होते. त्याला ८१ ने गुणलं की उत्तरात ८१ चा पाढा उमटतो:

एकही शून्य निसटू नये म्हणून गट मोजून लिहितो:

पहिला गट ०००००००००
दुसरा ०००००००८१
तिसरा ००००००१६२
चौथा ००००००२४३

प्रत्येक गटात नऊच घरं. दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि सतराव्या घरात ८, ही खूण धरा.

पाढा कुठवर चालतो? ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९, अगदी काठोकाठ. त्यापुढचा गट १०००००००८०, दहा अंकी, त्यामुळे हातचा १ मागे जातो. ९९९९९९९९९ मध्ये तो मिळाला की तिथे नऊ शून्यं होतात आणि हातचा आणखी एक गट मागे जातो: ९९९९९९९१८ चे ९९९९९९९१९ होतात. तिथून पुन्हा ०, ८१, १६२ … म्हणजे एका आवर्तनात ८१ चा पाढा १२३४५६७८ ओळी जसाच्या तसा येतो, फक्त शेवटची ओळ एकने जास्त. १/८१ मध्ये ८ चा ९ होतो तेच इथे नऊ घरांच्या गटात घडतं.

आवर्तनात गट किती? सुरुवातीचा शून्याचा धरून १२३४५६७९. प्रत्येकी नऊ अंक. १२३४५६७९ × ९ = १११११११११. या संख्येच्या व्यस्ताची आवर्ती लांबी म्हणजे नेमकं तिचं वर्गमूळ.

संख्यारेषा

हे अवयवांवरूनही ताडून पाहिलं. ८१ साठी १० चा क्रम ९. ३७ साठी ३, आणि ३७^२ ने ९९९ ला भाग जात नाही म्हणून ३७^२ साठी ३ × ३७ = १११. त्याच न्यायाने ३३३६६७^२ साठी ९ × ३३३६६७. तिघांचा लसावि ९ × ३७ × ३३३६६७ = १११११११११. जुळलं.

कॅल्क्युलेटरवर बघायचं तर धाकटी बहीण घ्या: १/१२३२१ = ०.००००८११६२२४३… तीन तीन घरांचे गट: ०००, ०८१, १६२, २४३. हिची लांबी १११, म्हणजे इथेही वर्गमूळच.

कोनमापक

आणि एक भूमितीचं. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागून बाकी ३, फक्त ३७ ची बाकी १. त्यामुळे कर्ण १११११११११ असलेला पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोण एकच: ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. मूळ १२, ३५, ३७ चा त्रिकोण, ३००३००३ पट वाढवलेला.

पाटीपेन्सिल

मग प्रत्येक 'एकांच्या' वर्गाच्या व्यस्ताची लांबी तिच्या वर्गमूळाइतकी असते का? १/१२१ साठी जमत नाहीये, लांबी २२ येते.

एकंदहं

@पाटीपेन्सिल, २२ बरोबर आहे. न एकांची संख्या र म्हणा. १०^न = १ + ९र. याचा म वा घात घेतला की र^२ ने भागून बाकी १ + ९रम उरते. ती १ व्हायला र ने ९म ला भाग गेला पाहिजे. म्हणून लांबी = न × र ÷ (र आणि ९ यांचा मसावि). र ला ९ ने भागल्यावरची बाकी आणि न ला भागल्यावरची बाकी सारखीच (अंकांची बेरीज न आहे), म्हणून तो मसावि म्हणजे न आणि ९ यांचाच मसावि.

न = २: २ × ११ ÷ १ = २२. न = ४: ४ × ११११ = ४४४४. लांबी र च यायला न हा ९ चा विभाजक हवा: १, ३, ९. एकाचं उदाहरण सोडलं तर दोनच संख्या उरतात, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१.